आमैचे तीन गोल

विजयलक्ष्मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स लॅबची इन्स्ट्रक्टर झाली ती १९९१ साली. त्याआधी चार वर्षं ती मणीच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होती. डिप्लोमाच्या वर्गात ती एकटीच मुलगी, आणि पास झाल्यावर अख्ख्या कुंभकोणमात तिला काम द्यायला तयार झालेला मणी हा एकटाच माणूस.

दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मेकॅनिक कुठं आहे?"

"मीच," ती म्हणायची.

माणूस हसायचा आणि मणीची वाट बघत बाकावर बसून राहायचा. तिनं सेट उघडावा, जळका भाग काढून नवा घालावा, पडद्यावर चित्र उभं करून दाखवावं, आणि माणसानं आभार मानावेत मणीचे. मणी बिचारा सांगून सांगून थकला. एकदा तिरुविडैमरुदूरच्या एका मास्तरांनी तिच्यादेखत मणीला विचारलं, "आत कोण बसतो? तुमचा भाऊ का?" दुकानाच्या मागच्या खोलीला एक कापडी पडदा होता, त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं. त्याच दिवशी विजयलक्ष्मीनं तो पडदा काढून घडी करून मणीच्या हातात दिला आणि आपलं टेबल उचलून अगदी रस्त्याच्या कडेला आणून मांडलं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं, कोणाचे हात चालतात ते.

पॉलिटेक्निकात आल्यावर हा त्रास संपला. मुलं तिला 'मिस्' म्हणत आणि थोडी घाबरूनही असत. घरी ती आणि आई सीतालक्ष्मी, दोघीच. दोघी बोलत ती तंजावरकडची जुनी मराठी. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ.

१९९८च्या जुलैमध्ये तिरुचीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजचं पत्रक लॅबमध्ये आलं. पुढच्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रोबोंची फुटबॉल स्पर्धा. टेबलाएवढं मैदान, दोन्ही बाजूंना एकेक रोबो. चेंडू पारदर्शक प्लास्टिकचा. त्याच्या पोटात दिवे, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश फेकणारे. जमीन एका टोकाला काळी आणि दुसऱ्या टोकाकडे उजळत जाणारी, म्हणजे पोटाखालच्या सेन्सरनं आपला गोल कुठला आणि समोरच्याचा कुठला ते रोबोनं ओळखावं. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत नियम: शिट्टी वाजल्यावर यंत्राला कोणी हात लावायचा नाही, तार जोडायची नाही, लांबून हुकूम द्यायचा नाही. खेळायचं ते त्याचं त्यानं.

मद्रासच्या मोठमोठ्या कॉलेजांची मुलं येणार, हे उघड होतं. तरी दोन विद्यार्थी पुढे आले. एक सुंदरेश, हाताला चपळ, तोंडाला त्याहून चपळ, विजयलक्ष्मीसारखाच मराठी घरातला. दुसरी महालक्ष्मी, एका विणकराची मुलगी. दिवसभरात दहा वाक्यं बोलणारी, पण कागदावर प्रोग्रॅम लिहायला बसली की मान वर न करणारी.

सांगाडा सुंदरेशनं केला. नाचियार्कोविलला समया घडवणाऱ्या त्याच्या मामांनी पितळेचा पत्रा दिला, आणि तोच त्यानं वापरला. दिसायला सुरेख, पण वजनाला भारी. इमर्जन्सी लाइटमधली बॅटरी, खेळण्यातल्या मोटारींची मोटर आणि गिअर, आणि डोक्यावर मायक्रोकंट्रोलरचं सर्किट. चालायला लागलं तेव्हा ते इतकं सावकाश चाललं की महालक्ष्मीनं त्याचं नाव ठेवलं 'आमै', तमिळमध्ये कासव.

डिसेंबरपर्यंत आमै चेंडू शोधायला शिकलं. महालक्ष्मी प्रोग्रॅम बदलायची, चिप पुसायला अतिनील दिव्याखाली वीस मिनिटं ठेवायची, परत भरायची, परत चालवून बघायची. एकच दुखणं राहिलं. खिडकीतून ऊन आलं की आमैला तो चेंडूच वाटायचा. समोरचा खरा चेंडू टाकून ते खिडकीखालच्या भिंतीशी जायचं आणि तिला ढुशा देत बसायचं.

"हॉलमध्ये पडदे असतील," विजयलक्ष्मी म्हणाली.

हॉलमध्ये पडदे नव्हते. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी तिघं तिरुचीला पोचली तेव्हा सकाळचं ऊन उंच खिडक्यांतून थेट मैदानावर पडलं होतं. मद्रासच्या चार मुलांनी पितळेचं यंत्र बघितलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "देवळातून उचलून आणलंत का?" बाकीचे हसले. सुंदरेशचे कान लाल झाले. महालक्ष्मीनं काही ऐकलं नसल्यासारखं दाखवलं.

पहिला सामना दहा वाजता झाला. शिट्टी वाजली, आमै जरा घुटमळलं, आणि मग असं काही खेळलं की विजयलक्ष्मी बघतच राहिली. उन्हाच्या पट्ट्यातून ते सरळ पार झालं. चेंडूच्या मागे गेलं, वळलं, ढकलत गेलं. गोल! मग दुसरा. मग तिसरा. तीन-शून्य. महालक्ष्मी, जी कधी मोठ्यानं हसत नसे, तिनं विजयलक्ष्मीचा दंड घट्ट धरला. "मिस्, माझा प्रोग्रॅम चालला! उन्हात चालला!"

पुढच्या सामन्याआधी बॅटरी बदलायला विजयलक्ष्मीनं आमैला उचलून जवळ घेतलं. सर्किटच्या कडेला, तारांच्या आड, तीन पायांचा एक काळा भाग सोल्डर केलेला होता. हरभऱ्याएवढा. असले भाग तिनं मणीच्या दुकानात शेकड्यांनी बदलले होते. टीव्हीच्या पोटात बसून रिमोटचे हुकूम ऐकायचे, एवढंच त्याचं काम. आणि सोल्डरिंगही तिच्या ओळखीचं होतं. गरजेपेक्षा जरा जास्त कथील वापरायची सुंदरेशची सवय तिनं तीन वर्षं मोडू पाहिली होती.

सामना चालू असताना सुंदरेश कोपऱ्यात उभा होता, एक हात शर्टाच्या खिशावर. ते आता तिला आठवलं.

"सुंदरेश, मजबरोबर ये," ती मराठीत म्हणाली. घरची भाषा ऐकताच त्याचा चेहरा उतरला. कॉलेजात ती त्याच्याशी कधीच मराठीत बोलत नसे.

व्हरांड्यात पाण्याच्या नळापाशी दोघं थांबली.

"खिशांत काय आहे?"

त्यानं रिमोट काढून दाखवला. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"का केलंस?"

"मज भय वाटलं, अक्का. ते खिडकीकडे गेलं असतं. सगळे हसले असते. कुंभकोणमहून पितळेचं कासव घेऊन आले आणि ते भिंतीस धडका देतंय, म्हणाले असते." त्यानं रिमोट मुठीत दाबला. "कोणाला कळलं नाही. पुढच्या वेळी नाही वापरणार. शपथ."

विजयलक्ष्मीला राग येत होता, पण त्याच्याकडे बघितलं की तो टिकत नव्हता. हसं होण्याची धास्ती काय असते, ते तिला कोणी सांगायला नको होतं. गप्प राहणंही सोपं होतं. तो भाग कापून टाकायचा, पुढचा सामना हरायचा आणि संध्याकाळची बस धरायची. पण आत ती मुलगी आपला प्रोग्रॅम उन्हात चालला म्हणून हरखून बसली होती. चार वर्षं लोक विजयलक्ष्मीच्या कामामागे कुणा दुसऱ्याचा हात शोधत राहिले आणि तो कधीच नव्हता. इथं तो होता, आणि ज्या मुलीचं काम, तिलाच ठाऊक नव्हतं.

"मी कोणास काही सांगणार नाही," ती म्हणाली. सुंदरेशनं सुटकेनं वर बघितलं. "तूं सांगशील. पहिले महालक्ष्मीला. मग परीक्षकांला. मी शेजारी उभी राहते."

"ते आम्हाला काढून टाकतील."

"हो. काढतील."

महालक्ष्मी बाकावर बसून पुढच्या सामन्यासाठी वहीत काहीतरी टिपत होती. सुंदरेशनं दोन वाक्यांत सांगून टाकलं. ती रडेल, ओरडेल असं विजयलक्ष्मीला वाटलं होतं. तिनं वही मिटली आणि एवढंच विचारलं, "तिन्ही गोल तुझे?"

"दोन माझे," तो खाली बघत म्हणाला. "तिसऱ्या वेळी मी बटण दाबायच्या आधीच ते वळलं होतं. खरं सांगतो."

"आता खरं काय आणि खोटं काय, मला कसं कळणार?" महालक्ष्मी म्हणाली आणि उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

परीक्षकांत एक पिकल्या केसांचे प्राध्यापक होते. त्यांनी सुंदरेशचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तो काळा भाग बघितला, रिमोट टेबलावर ठेवून घेतला. सामना रद्द, संघ स्पर्धेतून बाद, कॉलेजला पत्र जाणार. सुंदरेशनं मान हलवली. विजयलक्ष्मीनं पुढे होऊन विचारलं, "सर, स्पर्धा संपल्यावर मैदान मोकळं असेल. आमचं यंत्र स्वतःच्या बुद्धीनं काय करतं, ते या मुलीला एकदा बघू द्याल का? निकालात धरू नका."

प्राध्यापकांनी तिच्याकडे बघितलं. "चार वाजता," ते म्हणाले. "पण चार वाजता पश्चिमेचं ऊन येतं इथं."

"येऊ दे."

तो काळा भाग सुंदरेशनंच काढला. महालक्ष्मी त्याच्याशी बोलत नव्हती, पण सोल्डर वितळेपर्यंत यंत्र धरून मात्र बसली होती. मग ती एकदम उठली. हॉलमध्ये फोटो काढत फिरणाऱ्या फोटोग्राफरकडे जाऊन ती फिल्मच्या रिकाम्या डब्या मागून घेऊन आली, काळ्या प्लास्टिकच्या, अंगठ्याएवढ्या. बूड कापून एकेक डबी तिनं आमैच्या एकेका डोळ्यावर बसवली. घोड्याला झापड लावतात तशी. वरून, बाजूनं येणारं ऊन अडलं. समोरचं तेवढं दिसणार. "लॅबमध्ये हे सुचायला हवं होतं," ती स्वतःशीच पुटपुटली.

चार वाजता विजेत्या संघाची मुलं समोर आली, तीच मद्रासची. सकाळी हसलेला मुलगा म्हणाला, "आम्ही खेळू." त्यात आता टर नव्हती.

शिट्टी वाजली. विजयलक्ष्मीनं दोन्ही हात मागे घट्ट धरले. आयुष्यभर जे बिघडलं त्यात हात घालून ते नीट केलं होतं. हात बांधून उभं राहणं तिला जमत नव्हतं. आमै पहिल्याच मिनिटाला कोपऱ्यात अडकलं. दोन गोल बसले. मग उन्हाची जाड तिरीप मैदानावर आली आणि समोरचं चकचकीत, वेगवान यंत्र गोंधळून खिडकीच्या दिशेनं भिंतीला धडका द्यायला लागलं. आमै थांबलं. डावीकडे वळलं, परत उजवीकडे. चेंडू त्याला सापडला. पितळेचं ते ओझं इंच इंच पुढे सरकत गेलं, मध्ये एकदा चेंडू निसटला, परत मिळाला, आणि जवळजवळ पाऊण मिनिटानं तो गोलाच्या मागच्या पाटीला टेकला.

महालक्ष्मीनं दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले होते. शेवटी आमै चार-एकनं हरलं. पिकल्या केसांचे प्राध्यापक महालक्ष्मीजवळ आले आणि म्हणाले, "झापडं कुणाची कल्पना?" तिनं बोट वर केलं, वर्गात करतात तसं.

कॉलेजला पत्र आलं. प्रिन्सिपॉलनी विजयलक्ष्मीला बोलावून घेतलं. "तुम्हाला समजलं होतं ना? मग घरच्या घरी मिटवता आलं नसतं? संस्थेचं नाव गेलं." तिला लेखी समज मिळाली आणि वर्षभर मुलांना बाहेर नेण्याची मनाई. तिनं कागद घेतला, सही केली.

घरी आईनं विचारलं, "काय पुसलं त्यांनी?"

"पुसलं, गप्प का नाही बसलीस."

"मग तूं काय म्हटलीस?"

"गप्प बसलें."

सीतालक्ष्मी हसली तशी तीही हसली, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

महालक्ष्मीनं सुंदरेशशी बोलणं टाकलं. मार्च गेला, परीक्षा झाल्या. सुंदरेश मात्र रोज लॅबला येत राहिला. आमैचा पितळी सांगाडा त्यानं सुटा केला आणि त्याच मापाचा अॅल्युमिनियमचा कापायला घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. जूनमधल्या एका दुपारी महालक्ष्मी प्रोग्रॅमची लांबलचक छापील पट्टी घेऊन आली आणि ती टेबलावर त्याच्यासमोर पसरली.

"तिसऱ्या गोलाच्या वेळी," ती म्हणाली, "ते कुठून कुठं वळलं होतं, नीट आठवून सांग. मला ओळ शोधायची आहे."

सुंदरेशनं कानस खाली ठेवली. विजयलक्ष्मी पलीकडच्या टेबलावर मीटर तपासत होती, ती तपासतच राहिली.