भवानीचं गिऱ्हाईक

मार्चमधला दुसरा रविवार, सिंगापुरातल्या बेडोकमधला आमचा फ्लॅट. रक्कम आठशे केनियन शिलिंग, म्हणजे जेमतेम आठ डॉलर. हजर चौघं: मी, बायको, माझ्या जहाजावरचा सेकंड इंजिनिअर आणि त्याची बायको.

जेवणाआधी त्याने मोंबासाहून आणलेल्या छापील कापडाच्या चार जोड्या सोफ्यावर पसरल्या. एक माझ्या बायकोला दिली. बंदराच्या गेटबाहेर रस्त्यावर विकणाऱ्या बाईकडून चारही बाराशेला मिळवल्या होत्या. युक्ती त्याने ताटावर बसून रंगवून सांगितली. भल्या सकाळी गाठायचं. भवानीचं गिऱ्हाईक तिकडेही परत पाठवत नाहीत.

"तिला परवडलं का पण?" बायकोने विचारलं.

"परवडतं हो वहिनी. या लोकांना नोकरी नकोच असते. झाडाखाली बसायचं, गप्पा छाटायच्या."

मी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. मोंबासात त्याने जोड्या घेतल्या त्याच दिवशी दुपारी मी त्या बाईपाशी थांबलो होतो. ती शिवणाच्या कारखान्यात होती, तो बंद पडला. दुसरी नोकरी शोधण्यात रोज बसभाडं जायचं आणि हाती काही नाही. रस्त्यावर बसलं तर संध्याकाळी पीठ घेऊन घरी जाता येतं, म्हणाली. जोडी तिलाच पाचशेला पडायची. जहाजावरच्या पहिल्या गिऱ्हाइकाने आठशेला बुडवलं होतं, आणि आता ठोक व्यापारी नवा माल देईल का, याची तिला धास्ती होती. ते गिऱ्हाईक माझ्यासमोर पुरी मोडत होतं. हाच माणूस इथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलवर, पाटीवरची किंमत मुकाट्याने देतो.

मी त्याला हिशेब सांगितला. हसत त्याने दहाची नोट टेबलावर टाकली. "घ्या सर. वरचे दोन डॉलर टिप."

बायकोने जोडीची घडी घालून त्याच्या पिशवीत ठेवली. "भावजी, ही तुमच्याकडेच राहू द्या. मला नाही वापरवणार."

नोटेला मी हात लावला नाही. निघताना त्याने ती उचलून खिशात घातली. त्यानंतर तो आमच्याकडे जेवायला आलेला नाही. मी बोलावलेलं नाही.

मे महिन्यात पुन्हा मोंबासाला गेलो. त्याच जागी ती उकडलेली अंडी विकत होती. व्यापाऱ्याने कापड बंद केलं होतं. मी आठशे शिलिंग पुढे केले, तर फुकटचे नकोत म्हणाली. कापडाची बाकी आहे, असं सांगितल्यावर तिने माझ्याकडून आठशे घेतले. दोन अंड्यांचे साठ वेगळे दिले, तिने सांगितले तेवढेच.