जाऊबाई

दुबईत माझ्या मुलीच्या इमारतीत साफसफाईला दोघी होत्या, रत्नागिरीची शालन आणि इथिओपियाची अल्माझ. अल्माझ लिफ्टने जाते म्हणून एका रहिवाशाने तक्रार केल्यावर व्यवस्थापकाने शालनला सांगितलं, "तू लिफ्टने जा. त्या काळीने जिन्यानेच चढायचं."

शालनने भरलेली बादली उचलली आणि जिन्याकडे वळली.

"अगं, तुला लिफ्ट आहे ना?" मी म्हटलं.

"जाऊबाईंना टाकून कशी जाऊ, काकू? एकाच घरात नांदतोय आम्ही."

अल्माझला शालनच्या रोजच्या हाकेतलं 'जाऊबाई' तेवढं कळलं. तिने हसून बादलीची कडी दुसऱ्या बाजूने धरली.

जावांमध्ये फूट पाडून राज्य करणाऱ्या सासवा मी पाहिल्यात. जावा एक झाल्या की त्यांचं फारसं चालत नाही. इथे फक्त घर मोठं आहे.

"मला मात्र सासूबाई म्हणू नका," असं बजावून मी त्यांच्यामागे जिना चढू लागले.