दाजींनी मागितलेली माफी

दाजी मुंबईच्या इस्पितळात वारल्याची तार आली तेव्हा मी चिंचवडच्या शाळेत मुलांना शुद्धलेखन घालत होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जगाच्या लेखी माजी मंत्री.

स्वातंत्र्य आलं आणि देशाला कारखाने हवे झाले. बाहेरचे देश कुठल्या कुठे गेले, आपण नांगरापाशीच राहायचं का, असं दाजी आमच्या गावच्या देवळात पोटतिडकीनं बोलले आणि गावानं कारखान्यासाठी माळाबरोबर बागायतही सोडली. घरटी एकाला काम मिळेल, हा शब्द त्यांचा. कारखाना उभा राहिला, पण कामाला शिकलेली माणसं बाहेरून आली. आमच्या वाट्याला पहारा आणि झाडलोट. दाजी मुंबईत वरिष्ठांशी भांडले. काही हाती लागेना, तेव्हा मंत्रिपद सोडून गावी आले आणि घरोघर गेले. मी बरोबर होतो.

भागाबाई विधवा. तिची विहिरीची जमीन गेली होती. दाजी तिच्या उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"भागाबाई, जे माझ्या हातात नव्हतं, त्याचा मी शब्द दिला. मला माफ करा."

तिनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "पानी प्या. माफीचं मला आत्ता न्हाई सांगता येत."

एवढा मोठा माणूस इतका शरमलेला मी कधी पाहिला नव्हता... पुढे त्यांनी घराच्या ओसरीवर, भिंतीशी घोंगडी टाकून, संध्याकाळचा वर्ग काढला. गावातल्या तरण्यांना हिशेब, मोजमाप, कामापुरतं इंग्रजी. काही जण कारखान्यात लागले, पुष्कळसे नाही.

गावातल्या शोकसभेला मुंबईची मंडळी आली. कारखाना हेच त्यांचं स्मारक, असं एकामागून एक सांगत राहिली. मीही त्यांच्यात व्यासपीठावर बसलो होतो. बायकांमधून भागाबाई उठली.

"त्यांनी माझी माफी मागितली व्हती. त्ये बी सांगा की."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि आभाराला सुरुवात केली. मला तिथं बसवेना. खाली उतरून तिच्या शेजारी गेलो, पण मान वर होईना.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "माफीला मी न्हाई म्हनले न्हाई... पर दिली बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती लेकाला घेऊन ओसरीवर आली. दाजींचा वर्ग आता मी घेत होतो; तिनं त्याला त्यात बसवलं. दाजींची घोंगडी भिंतीशी तशीच अंथरलेली होती. मी तिला बस म्हणालो. ती वर्ग सुटेपर्यंत त्या घोंगडीसमोर उभीच राहिली.