पांढरी वस्ती

उपग्रहावरच्या रडारपासून काहीच लपत नाही. ढग असोत वा पाऊस, त्याला आरपार दिसतं. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या एका गावात, शाळेच्या ओट्यावर पुरात बचावाच्या बोटींसाठी मी बनवलेला नकाशा पसरून मी हे म्हटलं.

"आमची मळ्यातली वस्ती कुठं हाय यात?" शालनताईंनी विचारलं.

मी बोट ठेवलं. "ही पांढरी."

"पांढरी म्हंजे?"

"कोरडी."

त्यांची धाकटी जाऊ पदर तोंडाला लावून हसली. "ऐकलं का आक्का? आपण कोरड्या हुतो. उगंच दोन दिवस पत्र्यावर चढून बसलो."

रडारला मोकळं पाणी काळं दिसतं, पण पाण्यात उभा असलेला ऊस पांढरा चमकतो. वस्तीभोवती ऊसच होता. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. घाईत मात्र ती जागा कोरडी धरली. बोटी माझ्या नकाशाप्रमाणे आधी काळ्या भागात गेल्या. न कळल्याची लाज माणूस पचवतो. कळत असून न पाहिल्याची लाज घशात अडकते.

त्या दोघी पत्र्यावर होत्या, त्या दोन दिवसांत मी नकाशावरच्या उत्तर दिशेच्या बाणाची नक्षी तीनदा बदलली.