मांडीखालचं लुगडं

भोईवाड्याच्या फुटपाथवर जुन्या साड्या विकणाऱ्या एका बाईला मी चारचौघांत खोटारडी म्हणालो. चूक माझीच होती.

मुलीच्या होणाऱ्या बाळासाठी गोधडी शिवायची म्हणून बायकोने मला वापरून मऊ झालेलं सुती लुगडं आणायला पाठवलं होतं. तसं मी त्या बाईला सांगितलं. ती एकेक साडी स्वतःच्या गालाला लावून बघत होती आणि खरखरीत लागली की बाजूला टाकत होती. तेवढ्यात तिच्या मांडीखाली एक सुरेख अंजिरी लुगडं दिसलं.

"ते विकलं गेलंय," ती म्हणाली.

"खोटारडी! चढा भाव लावायला दडवलंयस!" मी ओरडलो. दोन गिऱ्हाइकं उठून गेली.

ती वाकून हळूच म्हणाली, "ओरडू नका, दादा. वारलेल्या बाईचं आहे ते. दुसऱ्या कुणाला सांगून देईन, पण तान्ह्या बाळाखाली घालायला माझा हात नाही होत."

मी तसाच निघून आलो. पुढच्या रविवारी परत गेलो, तेव्हा तिच्याभोवती बायका बसल्या होत्या. त्या जाईपर्यंत थांबावंसं वाटलं, पण थांबलो नाही. सगळ्यांदेखत हात जोडले आणि म्हणालो, "मावशी, मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. मला माफ करा."