अक्काच्या विरजणाचे पाच रुपये

आमच्या अक्काचा आवाज असा, की तिनं मल्लेश्वरमातून भाजीवाल्याला हाक मारली तर पार शहराच्या दुसऱ्या टोकाला जयनगरात, जिथं तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते, तिथं चरणाऱ्या गाई मान वर करायच्या. यात अतिशयोक्ती नाही. एका गाईला मी स्वतः विचारलं आहे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भावजी गिरणीत होते, पण घर चालायचं ते अक्काच्या दोन म्हशींवर. तिचं दही गल्लीभर जायचं. ते इतकं घट्ट, की एकदा कौलावरून मांजर थेट मडक्यात पडलं आणि पंजे न भिजवता चालत गेलं. या सगळ्याचं मूळ होतं विरजण. ते तिच्या सासूनं आनेकलहून बसमधून मांडीवर धरून आणलं होतं, आणि सासूला ते तिच्या सासूनं दिलं होतं. अक्काच्या मते आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आले, तेव्हा एका घोड्यावर नुसतं हेच मडकं होतं. त्यामुळं आमच्या घरात कुठलंही भांडं खरवडून रिकामं करायचं नाही. दह्यात चमचाभर, तांदळाच्या डब्यात मूठभर, तेलाच्या बरणीत तळाला थोडं, असं मागं ठेवायचंच.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा अक्कानं दह्यातून साठवलेले सगळे पैसे बँकेतून काढले आणि खात्यात पाच रुपये ठेवले. हे कशाला, असं कारकुनानं विचारलं. ‘विरजण,’ अक्का म्हणाली. त्यानं एखादी सरकारी योजना असावी अशा समजुतीनं मान हलवली.

लग्न पंधरवड्यावर आलं तेव्हा कुणीतरी आधीच पाठवलेला आहेर ती खात्यात भरायला गेली, तर खातं रिकामं. कमी शिल्लक म्हणून बँकेनं दर महिन्याला थोडं थोडं कापत पाचही रुपये गिळले होते. अक्का आहेर तसाच परत घेऊन आली आणि गप्प बसली. अक्का गप्प बसली म्हणजे काय ते कळायला तुम्ही आमच्या घरात राहायला हवं होतं. म्हशींनी दूध चोरलं. भावजी बाहेर जाऊन चपला पुसू लागले.

रात्री तिनं सांगून टाकलं: ज्या खात्यातून लेकीचं लग्न उभं राहिलं ते असं कोरडं पडलं असताना ती चूल पुजणार नाही. चूल पुजली नाही तर आचारी कढई चढवणार नाही, आणि कढई चढली नाही तर वऱ्हाडाला काय वाढणार? पाच रुपये मी देतो म्हटलं, तर तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी नोट परत खिशात घातली आणि खिशाचं बटणही लावलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन बँकेत गेलो. मी सरकारी कचेरीत होतो, माझ्या इंग्रजीला भले भले घाबरत. निदान मी तरी घाबरत असे. मॅनेजरसमोर मी असं भाषण ठोकलं की पंख्याचा वेग वाढला. मॅनेजर म्हणजे गंधाचा टिळा लावलेले, काळ्या कोटातले शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, नियम नवा आहे, पण फळ्यावर लावलेला आहे.

फळा कुठं आहे, मी विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. तिथं एक लोखंडी कपाट होतं. चुनारंग देताना ते तात्पुरतं तिकडं सरकवलेलं, आणि मग तिथंच रमलेलं. दोन शिपाई, मी आणि कारकून असे आम्ही त्याला भिडलो. कपाट हललं तशी मागून एक पाल निघाली, आणि तिच्या पाठोपाठ तो नियम. बँकेत आलेल्यांपैकी तो फक्त पालीनं वाचला असणार.

मॅनेजर ओशाळले. त्यांनी खिशातून पाच रुपये काढून अक्कापुढं ठेवले. अक्कानं ते बोटानं मागं सरकवले. यानंतरचं सगळं कन्नडमध्ये झालं, आणि माझं इंग्रजी दाराशी उभं राहिलं.

‘स्वामी, तुमच्या खिशातले नकोत. माझे होते ते परत त्याच जागी ठेवा.’

‘पाच रुपये सगळे सारखेच की, अक्का.’

‘घरी दही कोण लावतं?’

‘आई.’

‘मांजरानं तिचं विरजण चाटलं, तर ती दुसऱ्या कुणाचंही दही आणून दुधाला लावेल?’

मॅनेजरांनी टिळा चोळला. मग ते हळूच म्हणाले, ‘हे कळलं तर आमची आई पुढचे आठ दिवस माझ्याशी बोलणार नाही.’ त्यांनी कारकुनाला बोलावलं. लोकांना न सांगता कापलेलं शुल्क चुकीचं होतं, ते सगळं उलटं जमा करा म्हणाले. कारकुनानं नोंद केली, अक्कानं पासबुकातला आकडा बोटानं चाचपला आणि म्हणाली, ‘सरी,’ म्हणजे ठीक. मग त्याच्यावर आहेर भरला, आणि बाहेर येऊन पहिली हाक रिक्षाला मारली. तीन थांबल्या.

चूल पुजली गेली, लाडू वळले गेले. त्यातल्या एकानं नवरदेवाच्या काकाचा दात हलवला, पण ते वेगळं प्रकरण. अक्कानं मॅनेजरांना आमंत्रण दिलं होतं, आणि ते आले सगळी बँक घेऊन, शिपायांसकट. कपाट ढकलणाऱ्यांना भूक फार. शेवटच्या पंगतीला दहीभात आला तोवर अक्काच्या मडक्यात तळाला चमचाभर दही उरलं होतं. मॅनेजरांचं पान कोरडं. पाहुणा की विरजण? अक्काच्या कपाळावर आयुष्यात पहिल्यांदा घाम मी पाहिला. तिनं डोळे मिटून डाव उचलला.

मॅनेजरांनी पानावर आडवा हात धरला.

‘नको, अक्का. खात्यात थोडं राहू द्या.’