काचेच्या कपाटातली डबी

गल्लीत त्याला सगळे सिग्नल म्हणायचे. इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनला प्रवेश मिळाला, तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं की यात नेमकं शिकवतात काय. ते समजावताना याने तो एकच शब्द इतक्यांदा वापरला की काकांनी बारसंच करून टाकलं. पोरगा हुशार, कामाला वाघ. खोड एकच होती. कुठलीही गोष्ट मनासारखी झाल्याशिवाय हातातून सुटायची नाही. या खोडीला आपण कौतुकाने गुण म्हणतो आणि मग तिचं काय होतं ते बघत बसतो.

त्याचे वडील पत्र्याचं काम करायचे. बादल्या, पेट्या, पन्हाळी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठोकाठोक चालायची. त्या ठोकण्यात त्यांचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी दाराची कडी ऐकू येईना, मग गिऱ्हाईक, मग बायको. बायकोचं ऐकू येत नाही म्हणून संसार सुखाचा चाललाय, अशी थट्टा ते स्वतःच करायचे. पण मुलाचं बोलणं कळलं नाही की ते नुसतेच हसून मान हलवायचे, आणि ते सिग्नलला बघवायचं नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायची वेळ आली. वर्गातल्या निम्म्या पोरांनी बाजारातून तयार किट आणलं आणि वर आपलं नाव चिकटवलं. सिग्नलने कानाचं यंत्र करायला घेतलं. त्यासाठी वडिलांना कॉलेजच्या लॅबमध्ये आणून बसवलं, एकेक स्वर वाजवला आणि ऐकू आला की बोट वर करायला सांगितलं. वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. स्वर ऐकू येईना तसे ते कावरेबावरे व्हायचे, जणू त्यांच्या चुकीने पोराचे मार्क जाणार होते. त्यांचे कान जे बारीक आवाज गाळत होते तेवढेच उचलून मोठे करायचे, असं सर्किट सिग्नलने बसवलं. डबी कोणी करायची हा प्रश्नच नव्हता. वडिलांनी शर्टाच्या खिशात मावेल अशी पत्र्याची डबी केली, कडा आत वळवून, म्हणजे खिसा फाटायला नको.

डबी खिशात आणि तिच्या वायरीचं बोंड कानात घालून वडील घरभर हिंडले. स्वयंपाकघराच्या दारात थबकले आणि बायकोला म्हणाले, "तू अजून गुणगुणतेस होय?" ती तोंड फिरवून भांडी घासत राहिली. सिग्नलचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. मागे खरखर येते का, म्हणून तो जुन्या सवयीने खाणाखुणा करूनच विचारत होता.

"येते," वडील म्हणाले. "असू दे की खरखर. आवाज येतोय ना."

हे त्याला पटलं नाही. व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यंत्र स्वतःच्या कानात घालून पाहिलं आणि पहिला नंबर दिला. पहिला आलेला प्रोजेक्ट विभागाच्या काचेच्या कपाटात राहतो, अशी तिथली रीत. डबी कपाटात गेली, खाली त्याच्या नावाची चिठ्ठी लागली. समारंभ संपल्यावर फाटकापाशी वडिलांनी विचारलं, मग मला? सिग्नल त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाला की ते खरखरीचं राहू दे तिथे, तुम्हाला याहून चांगलं करून देतो, अगदी स्वच्छ. वडिलांनी मान हलवली. या वेळी त्यांना नीट कळलं होतं.

पुढे त्याला मोबाइलच्या मनोऱ्यांच्या कंपनीत नोकरी लागली. गाव सुटलं. कुणा अनोळखी माणसांचं बोलणं एकमेकांपर्यंत स्वच्छ पोचावं म्हणून हा मनोऱ्यामनोऱ्याने फिरायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सुट्टीला आला की नवीन सर्किट मांडायचा, खरखर कमी करायचा, तोवर शिट्टीसारखा आवाज निघायला लागायचा आणि सुट्टी संपायची. टेबलाचा खण अर्धवट सर्किटांनी भरला. दुकानातून एखादं यंत्र आणू या, असं बहीण कितीदा म्हणाली. वडील म्हणायचे, मुलगा करतोय ना, विकतचं कशाला? हे बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हा सिग्नलला अभिमान वाटला होता. आता ते आठवलं की त्याला स्वतःचीच चीड येते.

फोनवर बोलायची ती आई. ती विचारायची, वडिलांकडे वळून ओठ मोठे हलवून सांगायची आणि त्यांचं उत्तर याला कळवायची. बापलेकांचं सगळं बोलणं तिच्या तोंडून चालायचं. मग आई गेली. दिवसकार्य उरकून तो नोकरीवर परतला आणि सवयीने घरी फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. वडील घरातच असणार हे त्याला ठाऊक होतं.

तो रजा टाकून आला आणि आधी कॉलेजात गेला. विभागप्रमुख बाई त्याच्या मागच्या वर्गातल्या होत्या. त्याने चाचरत डबी मागितली. त्यांनी लगेच कपाट उघडलं.

"न्या ना," त्या म्हणाल्या. "कुणी मागितलीच नाही, म्हणून राहिली."

लॅबमध्ये बसून त्याने गंजलेली टोकं घासली, नवा सेल घातला, बोंड स्वतःच्या कानात घातलं. खरखर होती, तेव्हा होती तेवढीच. आणि तिच्यातून बाहेरच्या पायऱ्यांवर बोलणाऱ्या पोरींचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. यंत्र चांगलं होतं. ते तेव्हाही चांगलंच होतं. बैल गेला आणि झोपा केला, असं आई म्हणाली असती.

घरी वडिलांनी डबी पाहताक्षणी ओळखली. आत वळवलेल्या कडांवरून अंगठा फिरवला, मग खिशात ठेवली आणि बोंड कानात घातलं. सिग्नलने बटण फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेलं.

"बाबा, ऐकू येतंय?"

वडिलांनी डोळे मिटले. मन लावून ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"खरखर गेली रे," ते म्हणाले. "काढलीस शेवटी."

सिग्नल नुसताच हसला आणि त्याने मान हलवली.